इंदूताईंचा उजवा हात

साउथहॅम्प्टनला राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या भाड्याच्या घरातला स्मोक अलार्म सहा वेळा वाजला. सहाही वेळा मी फोडणी देत होते. सहाव्या वेळी मी स्टुलावर उभी राहून त्या पांढऱ्या डबीला टी टॉवेलने वारा घालत होते, तेवढ्यात मागच्या दाराने एक साठीच्या बाई आत आल्या. त्यांनी आधी खिडकी उघडली, मग गॅस बारीक केला. अलार्म गप्प झाल्यावर कार्डिगनच्या खिशातून त्यांनी हॉटेलात मिळते तसली प्लास्टिकची शॉवर कॅप काढली आणि माझ्या हातात दिली.

"फोडणीच्या आधी ही त्याच्या डोक्यावर घालायची," त्या म्हणाल्या. "आणि घातली की कपड्यांचा एक चिमटा आपल्या बाहीला लावायचा. टोपी काढल्याशिवाय चिमटा काढायचा नाही. विसरलीस तर एक दिवस घरासकट जळशील."

मग त्यांनी आमटी ढवळून बघितली, गूळ कमी पडलाय असं सांगितलं आणि आल्या तशा निघून गेल्या. स्वतःचं नाव सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. ते मला संध्याकाळी माझ्या नवऱ्याकडून, मिलिंदकडून कळलं. मिलिंद नुकताच तिथल्या एका हॉस्पिटलात ऑर्थोपेडिक्सला रजिस्ट्रार म्हणून लागला होता. त्याच विभागातले कन्सल्टंट, म्हणजे त्याचे साहेब डॉ. खांबेटे, झुडपांच्या कुंपणापलीकडच्या मोठ्या घरात राहतात आणि या त्यांच्या मिसेस, असं त्याने सांगितलं. ज्या चेहऱ्याने सांगितलं त्यावरून मला वाटलं की आता हे घर सोडावं लागणार.

घर सोडावं लागलं नाही. पुढची सहा वर्षं मी इंदूताईंच्या शेजारी काढली. 'काकू' म्हटलेलं त्यांना चालत नसे. काकू म्हटलं की लोणचं मागायला आल्यासारखं वाटतं, म्हणायच्या.

लग्नाआधी त्या सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होत्या. इकडे आल्यावर एका शाळेच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून वीसेक वर्षं त्यांनी काढली. मुलगी ऑस्ट्रेलियाला. तेव्हा घरात माणसं दोन आणि वस्तू भरपूर. कुठलीही नवी वस्तू घरात आली की इंदूताई ती हातात धरून उलटीसुलटी करायच्या आणि विचारायच्या, "याला आणखी काय काय येतं?" मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी विचारावं, तसा तो प्रश्न असायचा. मग त्या वस्तूला बरंच काही येत असल्याचं आठवड्याभरात सिद्ध व्हायचं. इंटरनेटवाले त्या काळी पोस्टाने फुकट सीड्या पाठवत. आजूबाजूची घरं त्या कचऱ्यात टाकत असताना इंदूताईंच्या घेवड्याच्या वेलांवर त्या चकचकत फिरायच्या आणि कबुतरं लांबून बघून जायची. अंड्यांच्या ट्रेमध्ये मेथीची रोपं. गरम पाण्याच्या टाकीचं, टॉवेल ठेवायचं कपाट इडलीच्या पिठासाठी. टॉवेल कुठेही राहू शकतात, पीठ राहू शकत नाही, असा त्यांचा हिशेब.

तिथल्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना चिकट म्हणत. मीही पहिले काही महिने म्हटलं. पण चिकट माणूस गुढीपाडव्याला सत्तर माणसांचं श्रीखंड स्वतःच्या घरचं करून आणत नाही. पैसे वाचवण्यात त्यांना काही रस नव्हता. वस्तू कमी हुशार समजली जाते, याचं त्यांना वाईट वाटायचं. प्रत्येक प्रयोगाची नोंद त्या एका लांब वहीत करत, कॉलेजच्या जर्नलसारखी: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. फसलेले प्रयोगही त्यात प्रामाणिकपणे असत. डॉक्टरांच्या नव्या गाडीवरचा ओरखडा त्यांनी एकदा टूथपेस्टने घासला होता. ओरखडा गेला, सोबत रंगही गेला. गाडीला पुदिन्याचा वास आठवडाभर येत होता. वहीत अनुमान एका ओळीचं: 'दातांना ठीक.'

डॉक्टर नेमके उलटे. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर हत्यारांचा एक फळा होता. प्रत्येक पान्याची, पकडीची, करवतीची आकृती काळ्या मार्करने काढलेली आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. ते कुणीही काढायचं नाही, कारण काढलं तर आकृती उघडी पडते. खिळा ठोकायचा झाला तर इंदूताई स्वयंपाकघरातला बत्ता वापरायच्या. डॉक्टर ते पाहून न पाहिल्यासारखं करत. घरात एखादी गोष्ट मोडली की ते म्हणत, "प्रॉपर आणू." प्रॉपर वस्तूची ऑर्डर जाई, कॅटलॉगमधून ती यायला दोन आठवडे लागत आणि तोवर इंदूताईंनी हँगरच्या तारेने केलेली दुरुस्ती मुरलेली असे.

या दोन पंथांची एकदा जाहीर गाठ पडली. तो प्रसंग मला इंदूताईंनीच सांगितला आणि सांगताना त्यांना एकदाही हसू आलं नाही. रविवारी दुपारी डॉक्टरांनी हॉस्पिटलातल्या एका ज्येष्ठ इंग्रज सर्जनना जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सत्तर माणसांचा चक्का बांधायला घरात तेवढी फडकी नव्हती, म्हणून इंदूताईंनी नव्या कोऱ्या टाइट्स, म्हणजे कमरेपर्यंतचे पातळ पायमोजे, आणून, उकळून, त्यांच्या पायांत दही भरलं होतं आणि ते पाय शॉवरच्या दांडीला टांगले होते. नव्या कोऱ्या आणि उकळलेल्या, हे त्या दर वेळी दोनदा सांगत. जेवणाआधी पाहुणे हात धुवायला वर गेले. वर बाथटबवर आठ पाय ओळीने लोंबत होते, फुगलेले, मांडीपासून बोटांपर्यंत, आणि प्रत्येकाच्या अंगठ्यातून पांढरट पाणी टपकत होतं. पाहुण्यांनी आयुष्यभर पायांचीच ऑपरेशनं केली होती.

ते खाली आले, खुर्चीवर बसले, नॅपकिन मांडीवर पसरला आणि म्हणाले की तुमचं घर फार हवेशीर आहे. एवढंच. मग आदल्या दिवशीच्या चक्क्याचं श्रीखंड त्यांनी दोनदा मागून घेतलं. डॉक्टरांना ही गोष्ट पाहुणे गेल्यानंतर, स्वतः वर गेले तेव्हा कळली. दोन दिवस ते इंदूताईंशी बोलले नाहीत. पुढे ते इंग्रज गृहस्थ आणखी दोनदा जेवायला आले, पण बाथरूम कुठे आहे हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून रेझर पडला. तो उचलायला वाकले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. स्ट्रोक होता. अॅम्ब्युलन्स वेळेवर आली, उपचार चांगले झाले, जीव वाचला. गेलं ते उजव्या हातातलं बळ आणि बरेचसे शब्द. ज्या हाताने त्यांनी तीस वर्षं लोकांची हाडं जोडली तो हात आता उशीवर ठेवावा लागे, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. शब्दांत आधी इंग्रजी गेलं होतं. उरलं होतं थोडं मराठी, तेही सुटं सुटं, आणि एक इंग्रजी शब्द मात्र शाबूत होता: 'प्रॉपर.'

सहा आठवड्यांनी ते घरी आले. ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन बघेल, लागणारी साधनं मिळतील, पण यादी लांब आहे, काही महिने लागतील, असं सांगण्यात आलं. इंदूताईंनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या. पाण्याच्या पाइपांना थंडीत गुंडाळतात ती करड्या फोमची नळी त्यांनी चमच्याच्या दांड्यावर चढवली, म्हणजे डाव्या, अडाणी हाताला पकड येईल. ताटाखाली ओला टी टॉवेल, म्हणजे ताट सरकणार नाही. पोळपाटासारख्या एका फळीतून स्टीलचे दोन खिळे वर काढले, त्यावर कांदा किंवा ब्रेड खोचला की एका हाताने कापता येई. गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली, म्हणजे त्यावर बसून आत वळणं सोपं. पलंगाच्या पायथ्याला ड्रेसिंग गाऊनचा पट्टा बांधला, तो धरून उठायला.

डॉक्टरांनी यातल्या कशालाही हात लावला नाही.

मी तेव्हा रोज दुपारी तासभर त्यांच्याकडे बसायला जायचे, इंदूताईंना बाहेरची कामं करता यावीत म्हणून. त्या दिवशी त्या घरीच होत्या. समोर वरणभात होता, हातात फोमचा चमचा दिलेला होता. डॉक्टरांनी तो ताटात ठेवला. इंदूताईंनी घास पुढे केला, तर त्यांनी मान फिरवली. चेहऱ्यावर घामाचे थेंब आले, ओठ दोनतीनदा हलले आणि मग एकच शब्द बाहेर आला.

"प्रॉपर."

"अहो, प्रॉपर यायला अजून दोन महिने आहेत," इंदूताई म्हणाल्या. "तोवर काय उपास करणार?"

ते तोवर खरोखर उपास करणार असं दिसत होतं. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचं वजन इतकं उतरलं, की जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, पुन्हा हॉस्पिटलात ठेवावं लागेल असं सुचवलं. घास भरवून घेणं त्यांना मान्य नव्हतं आणि जुगाडाने खाणंही मान्य नव्हतं. इंदूताई मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या की वस्तूकडून काय करून घ्यायचं ते मला कळतं, या माणसाकडून काय करून घ्यायचं ते चाळीस वर्षांत कळलं नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. प्रयोग फसल्याची नोंद करावी तसं सांगितलं.

सोमवारी मी गेले तेव्हा इंदूताईंनी स्वतःचा उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला होता. मला वाटलं, पडल्या. तसं काही नव्हतं. एका हाताने जगायला नक्की काय काय लागतं हे बाहेरून कळत नाही, म्हणून आठवडाभर आपण एकच हात वापरणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. वहीत पान नवं काढलं होतं. त्यावर डाव्या हाताने लिहिलेल्या 'साहित्य'चं अक्षर पहिलीतल्या मुलाचं वाटत होतं.

तो आठवडा मी पाहिला. इंदूताईंनी एका हाताने केस विंचरले, ते अर्धेच विंचरले गेले. कुकरचं झाकण लागेना. पातळ नेसणं तर जमलंच नाही, म्हणून त्या आठवडाभर डॉक्टरांच्या ट्रॅक पँटमध्ये वावरल्या. चहा सांडला. पहिल्या दोन दिवसांत तीन कप फुटले, ते बहुतेक खरेच फुटले असावेत. डॉक्टर खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. दुसरं बघण्यासारखं घरात काही नव्हतं.

बुधवारी दुपारी इंदूताई त्यांच्यासमोर डायनिंग टेबलाशी बसल्या आणि खिळ्यांच्या फळीवर कांदा खोचून कापू लागल्या. सुरी त्यांनी डाव्या मुठीत खंजिरासारखी धरली होती. कांदा घसरत होता, सुरी फळीवर आपटत होती. दोनदा ती बोटांजवळून गेली. मी उठून सुरी घ्यायला लागले, तर इंदूताईंनी डोळ्यांनी मला खाली बसवलं. तिसऱ्यांदा सुरी घसरली आणि खुर्चीतून आवाज आला.

"तसं नाही."

आम्ही दोघी थांबलो. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. राग आला की तो तसाच व्हायचा. मिलिंदने मला त्याचं वर्णन पुष्कळदा केलं होतं. त्यांनी डावा हात पुढे केला, सुरी मागितली. इंदूताईंनी ती दिली.

"अंगठा... आत," डॉक्टर म्हणाले. "बोट... वर. मनगट नाही. खांदा."

आणि त्यांनी कांदा कापला. सावकाश, वेडावाकडा, पण कापला. चार फोडी झाल्यावर ते दमले. मग फळीकडे बघून त्यांनी मोठ्या नाखुशीने सांगितलं की खिळे चुकलेत. दोन नकोत, तीन हवेत. तीन असले की कांदा फिरत नाही.

संध्याकाळी तिसरा खिळा ठोकला गेला. रात्रीच्या जेवणाला डॉक्टरांनी फोमचा चमचा उचलला, कारण इंदूताई तो चुकीचा धरत होत्या आणि दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, असं डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी तुटक तुटक शब्दांत सांगितलं. वहीत 'अनुमान'च्या पुढे इंदूताईंनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. ओढणी मात्र त्यांनी बुधवारी सोडली नाही. आठवडा म्हणजे आठवडा, म्हणून रविवारपर्यंत हात बांधलेलाच ठेवला.

त्यानंतर त्या घरात रोज सुधारणा होऊ लागल्या. डॉक्टर चुका काढत आणि इंदूताई पुन्हा करत. चमच्याची मान कोमट पाण्यात धरून वाकवू, असं इंदूताई सुचवत आणि त्यावर त्यांचे वाद चालत. कोमट पाण्याने स्टील वाकत नाही हे इंदूताईंना पक्कं माहीत होतं, फिजिक्स होतं त्यांचं. पण ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. स्टील तसं वाकत नाही हे इंदूताईंना पटवून द्यायला डॉक्टरांना अकरा वाक्यं लागली.

अखेर थेरपिस्ट आली. तरुण, हसरी वेल्श मुलगी होती. व्हॅनमधून तिने सगळी साधनं आणली: जाड दांड्याचा चमचा, ताटाखाली घालायची न सरकणारी चटई, खिळे असलेली फळी, गाडीच्या सीटवर ठेवायची फिरती चकती. शिवाय वॉकर, टॉयलेटवर बसवायची उंच सीट आणि कमोडची खुर्ची. सगळं इंदूताईंनी केलेलंच होतं, फक्त बेज रंगाचं आणि पाकिटबंद. मुलीने टेबलावरच्या वस्तू बघितल्या, मग स्वतःच्या बघितल्या.

मी डॉक्टरांकडे बघत होते. इतक्या महिन्यांनी प्रॉपर आलं होतं. त्यांनी तो बेज चमचा डाव्या हातात तोलला, एखादं नवं इन्स्ट्रुमेंट तोलावं तसा. टेबलावर ठेवला.

"बॅलन्स चुकलाय," ते मराठीत म्हणाले. मुलीला समजावं म्हणून इंदूताईंनी भाषांतर केलं, की फारच छान आहे.

ती साधनं परत घेण्याची पद्धत नव्हती. एकदा घरी गेलेली वस्तू वापरलेली धरली जाई. तेव्हा पुढच्या आठवड्यात वॉकर उभा करून त्यावर इंदूताईंनी कुरडया वाळवल्या. कमोडच्या खुर्चीत बागेतल्या अळूची कुंडी बरोब्बर बसली. उंच सीट बरेच दिवस नुसती पडून होती आणि इंदूताई येता-जाता तिला तोच प्रश्न विचारत होत्या. अखेर ती पक्ष्यांचं पाणी ठेवायला बागेत गेली. मंडळाच्या बायकांनी ते पाहिलं आणि पुष्कळ दिवस त्यांना बोलायला विषय पुरला.

मिलिंदला लेस्टरला नोकरी मिळाली. आम्ही निघायच्या आदल्या शनिवारी इंदूताईंनी मला एका चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं. स्ट्रोकमधून उठलेल्या लोकांचा तिथे क्लब भरत असे आणि त्या दिवशी डॉ. खांबेटे बोलणार होते, इंग्रजीत. मी गेले तेव्हा हॉलमध्ये पंचवीसएक माणसं होती, बरीचशी काठ्यांसह. टेबलावर फोमचे चमचे, तीन खिळ्यांची फळी, पट्टा, पिशवी, सगळं मांडलेलं. डॉक्टर टाय लावून उभे होते. इंदूताई अगदी मागच्या रांगेत, दाराशी.

डॉक्टर बोलू लागले. सावकाश, मध्येमध्ये अडत, पण वाक्यं पूर्ण करत. त्यांनी सांगितलं की मी सर्जन आहे, त्यामुळे परावलंबन मला मान्य नव्हतं. मी निरीक्षण केलं. घरातल्या सामान्य वस्तूंमध्ये किती शक्यता असतात याकडे लोकांचं लक्ष नसतं, माझं गेलं. मी चमच्याला फोम लावला. मी फळी तयार केली. पहिल्या फळीला दोन खिळे होते, ते चुकीचे होते, मी तीन केले. एवढं एक खरं होतं. वाक्यावाक्याला 'आय' होता आणि लोक माना डोलावत होते, कुणी लिहून घेत होतं.

माझा संताप झाला. मी इंदूताईंकडे वळून कुजबुजले की हे काय चाललंय, तुमचं नावसुद्धा नाही.

"त्यांना मीच सांगितलं तसं," इंदूताई म्हणाल्या. नजर समोरच होती. "'इंदूने केलं' म्हटलं की भाषण दोन मिनिटांत संपतं. 'मी केलं' म्हटलं की प्रत्येक गोष्ट कशी केली ते समजावून सांगावं लागतं. तीन महिने रोज घरी प्रॅक्टिस करतायत." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "चाळीस मिनिटं झाली. स्पीच थेरपीवाली म्हणाली होती, पाच झाली तरी पुष्कळ."

टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक वयस्कर इंग्रज बाई इंदूताईंजवळ आल्या, मिस्टर किती कल्पक आहेत म्हणाल्या आणि मायेने विचारलं की तुम्ही त्यांना घरात थोडी मदत करता की नाही.

"अ लिटल," इंदूताई म्हणाल्या, आणि त्या बाईंच्या कपात दूध घातलं.

मला पॅकिंगची खोकी आणायला गावात जायचं होतं, म्हणून मी लवकर निघाले. माझी बस सुटली तेव्हा ते दोघं समोरच्या स्टॉपवर बाकावर बसलेले दिसले. टेबलावरचं सगळं सामान एका मोठ्या पिशवीत भरून इंदूताईंनी पायांशी ठेवलं होतं. डॉक्टर त्यांना काहीतरी समजावून सांगत होते. डावा हात हवेत होता, बहुधा फळीबद्दलच असावं. इंदूताई ते नीट लक्ष देऊन ऐकत होत्या, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या, आणि मध्ये एकदा त्यांनी काहीतरी शंका विचारली. डॉक्टर थांबले, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.